वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा समोर बसून गाणं ऐकवायचंय, पुण्यात कुठे नेऊ? (तुमचे अलीकडचे लाइव्ह अनुभव पण लिहा)

बार्शीवाला:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे नाना (वडील, वय ७४) दिवाळीनंतर कायमचे आमच्याकडे वारज्याला राहायला आलेत. सगळी नोकरी बार्शीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली. गाण्याचं प्रचंड वेड, पण सगळं रेडिओवर. शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागला की घरात भांडं वाजलेलं चालायचं नाही, आई दूध तापवायचं कामसुद्धा आधीच उरकून ठेवायची. कुणाकडे शिकलेले नाहीत पण राग ओळखतात. निवेदक शेवटी परत रागाचं नाव सांगायचा, त्याच्या आधी हे सांगून मोकळे, आणि मग निवेदकाचं ऐकून हळूच मान हलवायचे. भीमसेनजी, मन्सूरअण्णा, किशोरीताई, वसंतराव, सगळ्यांच्या आवाजाची नुसती चाहूल लागली तरी कळतं.

परवा जेवताना सहज बोलणं निघालं आणि कळलं की ह्या माणसाने ७४ वर्षांत एकही मैफल समोर बसून ऐकलेली नाही. आधी शिफ्ट, मग आमची शिक्षणं, मग आईचं आजारपण. मी १४ वर्षं पुण्यात राहतोय, दर डिसेंबरला पेपरात सवाईचे (सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचे) फोटो बघतोय, आणि एकदाही त्यांना फोन करून या म्हटलं नाही, हे त्या रात्री फार लागलं मनाला.

तर सल्ला हवाय. डायरेक्ट सवाईला न्यावं का आधी काहीतरी लहान? गुडघे गेलेत, मांडी घालून बसता येत नाही. डाव्या कानाला मशीन आहे. मला स्वतःला शास्त्रीयातलं काही कळत नाही, त्यामुळे तुम्ही अलीकडे कुठे काय ऐकलंत, कुठल्याही प्रकारचं, ते पण लिहा. आवाज कसा होता, बसायची सोय, गर्दी, येणं जाणं, सगळं.

सहकारनगरची:
यात विचार कसला करायचा, सवाईला न्या! ज्या माणसाने जन्मभर भीमसेनजी रेडिओवर ऐकलेत त्याला भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या आठवणीत सुरू केलेल्या महोत्सवाला नाही न्यायचं तर कुठे न्यायचं.

मी तशी जवळच राहते, महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर आला तेव्हापासून तर आमच्या घरात डिसेंबरचे ते पाच दिवस स्वयंपाक एकदाच होतो. खुर्ची आणि भारतीय बैठक असे दोन्ही प्रकार असतात, नानांसाठी खुर्चीचंच तिकीट काढा. मैदान उघडं आहे, वर मंडप असला तरी सात वाजल्यानंतर पायातून थंडी चढते, तेव्हा मोजे, कानटोपी, शाल आणि पाठीला एक लहान उशी. पहिल्या वर्षी मी उशी नेली नव्हती, तिसऱ्या तासाला गाण्यापेक्षा पाठीकडेच लक्ष जायला लागलं.

अनुभव विचारताय तर २०२४ चा सांगते. १५ डिसेंबरला तबल्याचे झाकीरभाई (झाकीर हुसेन) गेले आणि तीनच दिवसांनी सवाई सुरू झाला. मंडपात रोजचाच गजबजाट, चहा, वड्यांचा वास, लोक एकमेकांना हात करतायत, पण सगळ्यांच्या बोलण्यात तेच. एका गायिकेच्या साथीला बसलेल्या मुलाने तबला लावायला घेतला, म्हणजे अजून काही वाजवलंही नव्हतं, नुसती हातोडी आणि मग बोटाने ठण्ण असा एक आवाज, आणि माझ्या शेजारच्या अनोळखी आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, दोघंही काही बोललो नाही. पुढचे चार दिवस ते रोज माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवत होते.

षड्जपंचम:
वरच्या प्रतिसादाबद्दल पूर्ण आदर ठेवून, माझं मत उलट आहे. सवाई दुसऱ्यांदा. पहिलं गाणं लहान खोलीत ऐकवा, बिनमाइकचं.

कारण सांगतो. नानांनी आजवर स्पीकरमधूनच ऐकलंय ना? सवाईला पण ते स्पीकरमधूनच ऐकणार, फक्त स्पीकर मोठा आणि कलाकार लांब, आणि पाचव्या रांगेच्या मागे बसलात तर चेहरा स्क्रीनवर. सवाईचा माहोल हा वेगळाच आनंद आहे, मी स्वतः २२ वर्षं जातोय, पण ज्याने समोरून कधीच ऐकलं नाही त्याला आधी माणसाच्या गळ्यातून थेट कानात येणारा सूर मिळायला हवा.

पुण्यात हे मिळतं आणि ते बहुतेक वेळा फुकट मिळतं हे लोकांना माहितीच नसतं. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत, कोथरूडात, एरंडवण्यात घरगुती बैठका चालतात, कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंज्या, चाळीस पन्नास माणसं. गुरूंच्या पुण्यतिथीला, एखाद्याच्या साठीला, किंवा नुसतंच दर महिन्याला. शनिवार पेठेतल्या गांधर्व महाविद्यालयात कार्यक्रम होतात, विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातली मुलं गातात वाजवतात. पेपरातली 'आजचे कार्यक्रम' ही बारीक अक्षरातली चौकट रोज वाचायची, निम्म्या गोष्टी तिथेच सापडतात. गुडघ्यांचं म्हणाल तर अशा बैठकीला भिंतीला लागून आठ दहा खुर्च्या ज्येष्ठांसाठी ठेवलेल्याच असतात, फक्त आधी फोन करून सांगा.

गेल्या महिन्यात एका वाड्याच्या माडीवर ऐकलेलं सांगतो. संध्याकाळचे सहा, खिडकीतून शेवटचं ऊन. दोन तानपुरे लावायला वीसेक मिनिटं गेली. दोन्ही जुळले त्या क्षणी खोलीतला आवाज एकदम बदलला, जणू तिसरा कुणीतरी गायला लागला होता, आणि पुढे बसलेली आठेक वर्षांची मुलगी मागे वळून बघायला लागली की आवाज कुठून येतोय. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेतून गंधार (ग) ऐकू येतो म्हणतात तो हाच. मग गाणाऱ्या बाईंनी मारवा राग सुरू केला. माझ्यापासून सहा फुटांवर. कोमल रिषभावर थांबून राहिल्या, षड्जावर येतच नव्हत्या, आणि मारव्यात तीच तर गंमत आहे, तो सा लवकर देतच नाही. मला सांगायचंय ते एवढंच की त्या षड्ज टाळत होत्या तेव्हा त्यांच्या गळ्याची शीर दिसत होती. हे तुम्हाला कुठल्याही मैदानात दिसणार नाही.

कोथरूडची_काकू:
षड्जपंचम यांना अनुमोदन. वाखु (वाचनखूण) साठवली.

हडपसर_लोकल:
कुठलेही अनुभव म्हणालात म्हणून लिहितोय, नाहीतर या धाग्यावर माझं काय काम.

जानेवारी २०२५ ला नवी मुंबईला कोल्डप्ले बघून आलो, डी. वाय. पाटील स्टेडियम. आम्ही चौघं पुण्याहून बसने. तिकीट मिळवायला आख्खी रविवारची दुपार गेली, रांगेत माझा नंबर लाखांत होता, चार जणांनी चार लॅपटॉपवर लावलं त्यात एकाचं लागलं. पण जे बघितलं ते मी विसरणार नाही. प्रत्येकाच्या मनगटावर लाइटचा पट्टा देतात आणि तो गाण्याबरोबर बाहेरून कंट्रोल होतो, म्हणजे आख्खं स्टेडियम एका ठोक्यावर पिवळं आणि पुढच्या ठोक्यावर निळं. माझ्या पुढे एक काका काकू होते, साठीचे असतील, मुलीने आणलं होतं, काकू पूर्ण वेळ स्वतःच्या हाताकडेच बघत होत्या इतक्या खूश होत्या. नेरूळ स्टेशनपर्यंत गर्दीत चालत यावं लागलं, पण कुणी ढकलाढकली केली नाही.

आता उलटा अनुभव. पुण्यातच एका मोठ्या लॉनवर एका मोठ्या गायकाचा शो, नाव सांगत नाही. गेटच्या अलीकडे दीड किलोमीटर गाडी हलत नव्हती, आत पोचेपर्यंत तीन गाणी झालेली. आमचं तिकीट स्वस्तातलं म्हणून खूप मागे, आणि ड्रमवर काठी पडलेली दिसायची आणि आवाज नंतर यायचा. टॉयलेटला अर्धा तास. ज्याच्या गाण्यांवर मी कॉलेजची तीन वर्षं काढली त्याचं गाणं समोर चालू असताना मी मोबाइलवर परतीची रिक्षा शोधत होतो, याचं मला आजपण वाईट वाटतं.

नानांना असल्या उभ्या शोला नेऊ नका. पण तुम्ही स्वतः जा एकदा.

तबलापेटी:
ते ड्रमचं बरोबर आहे, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तुम्ही शंभर मीटर मागे असाल तर जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशीर होणारच. चांगले साउंडवाले मध्ये मध्ये टॉवर उभे करतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात म्हणजे पुढचा मागचा आवाज एकत्र पोचतो. तो खर्च वाचवला की मागच्याला दोनदोनदा ऐकू येतं.

याचाच उपयोग धागाकर्त्याला. कुठेही गेलात, सवाई असो बालगंधर्व रंगमंदिर असो, साउंडवाल्याचं टेबल कुठे आहे ते आधी बघा आणि त्याच्या आसपास बसा. तो माणूस त्याच्या कानाला बरं वाटेल तसं लावतो, म्हणजे सगळ्यात बरा आवाज त्याच्याच जागी असणार. सगळ्यात पुढची रांग मानाची असते पण तिथे एका बाजूचा स्पीकर कानात बसतो, मशीनवाल्या माणसाला तर त्रासच.

मी साथीला वाजवतो (नाव नको), तेव्हा आमच्या बाजूचं एक सांगतो. डिसेंबरात उघड्यावर वाजवायचं म्हणजे परीक्षा असते. दव पडायला लागलं की पुडी (तबल्यावरचं कातडं) ओल धरते, सैल पडते, तबला उतरतो. दर वीस मिनिटांनी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या गोफावर) हातोडी मारावी लागते, आणि ती पण गायकाची आलापी चालू असताना, त्याला धक्का न लावता. कधी ख्याल चालू असताना तबलजी एक हात चालू ठेवून दुसऱ्याने हळूच टकटक करताना दिसला तर त्याच्याकडे जरा बघा, तिथे फार काही चाललेलं असतं. नानांनी आयुष्यभर मशिनं दुरुस्त केलीत म्हणता, त्यांना हे आवडेल.

गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम कुणीच सांगितले नाहीत अजून. आषाढात, म्हणजे जुलैच्या आसपास, पुण्यात दर शनिवार रविवार कुठे ना कुठे असतात. दिवसभर शिष्य गातात, अगदी दहा वर्षांच्या पोरापासून, आणि शेवटी गुरू बसतात. तिकीट नाही, दोन तास बसा, उठा, चहा घ्या, परत या. गुडघेवाल्यांना याच्यासारखं दुसरं काही नाही.

श्रवण_पेठ:
मी ऑडिऑलॉजीत काम करते. सगळे गाण्याबद्दल लिहितायत, मी कानाबद्दल लिहिते, कारण हे आधी नाही केलं तर बाकीचं सगळं वाया जाईल.

कानाचं मशीन बोलणं ऐकण्यासाठी लावलेलं असतं. ते हळू आवाज मोठा करतं, मोठा आवाज दाबतं. गाण्यात गायकाने मुद्दाम आवाज बारीक केला, मग हळूहळू भरत नेला, तर मशीन तो चढउतार सपाट करून टाकतं. दुसरं म्हणजे मशीन शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक सोय असते, कुठलाही एकसारखा सलग सूर आला की त्याला शिट्टी समजून ते कापायला बघतं. आता तानपुरा म्हणजे काय, सलग सूरच. पेटीचा धरलेला सूर, बासरी, तेच. मग नानांना तो सूर थरथरल्यासारखा, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येईल आणि त्यांना वाटेल की आपलंच वय झालं.

बऱ्याच डिजिटल मशीनमध्ये संगीताचा वेगळा प्रोग्राम लावता येतो. जिथून घेतलंय तिथे जाऊन स्पष्ट सांगा, शास्त्रीय गाणं ऐकायला जायचंय, तानपुऱ्यावर करून बघा. जाताना मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप घेऊन जा आणि तिथेच लावून त्यांना विचारा. अर्धा तास लागतो. उजवा कान चांगला असेल तर तो कलाकाराकडे येईल अशी, म्हणजे खोलीच्या डाव्या बाजूची खुर्ची घ्या.

बार्शीवाला:
श्रवण_पेठ ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. नाना घरात मोबाइलवर गाणं लावलं की दोन मिनिटांत बंद करतात, म्हणतात आता पूर्वीसारखं रेकॉर्डिंग राहिलं नाही. आम्ही समजत होतो आता त्यांना आवड राहिली नाही. उद्याच अपॉइंटमेंट घेतोय.

तबलापेटी, षड्जपंचम, एखादी बैठक येत्या पंधरा दिवसांत असेल तर प्लीज सांगा. सहकारनगरची ताई, सवाईचा विचार सोडलेला नाही.

जुना_रमणबाग:
माझं वय नानांच्या आसपासचं, म्हणून लिहितो. टाइप करायला वेळ लागतो, सावकाश वाचा.

आम्ही रमणबागेत रात्र रात्र बसलोय. न्यू इंग्लिश स्कूलचं ते मैदान, घरून आणलेली सतरंजी, ब्लँकेट, डब्यात थालीपीठ, थर्मास. रात्री दोनला दरबारी, मग मालकंस, आणि मंडपाच्या कडेने आकाश पांढरं व्हायला लागलं की कुणीतरी ललत लावायचा. राग वेळेवर ऐकणं म्हणजे काय ते मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही, ते तिथल्या थंडीने शिकवलं. शेवटच्या पहाटे भीमसेनजी बसायचे. आदल्या पाच तासांत आडवे झालेले लोक ते स्टेजवर आले की आपोआप उठून बसायचे, कुणी कुणाला उठवायचं नाही.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम आला आणि ते संपलं. वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत मिळते, सवाईत बहुधा शनिवारी ती असते. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, आजूबाजूला आजारी माणसं असतात, परीक्षा असतात. पण त्याचा परिणाम असा झाला की आताच्या तिशीतल्या रसिकाने प्रत्यक्ष मैफलीत अडाणा, दरबारी, ललत किती वेळा ऐकला असेल? सगळ्या मैफली संध्याकाळी, म्हणून पूरिया धनाश्री, मारवा, यमन, फार तर बागेश्री. नियम उघड्या जागेला आणि ध्वनिक्षेपकाला आहे, बंद सभागृहात किंवा बिनमाइकच्या घरात कुणी रात्री अकराला मालकंस गायला तर आडकाठी नाही, ते व्हायला हवं असं मला फार वाटतं. सकाळच्या मैफली आता बऱ्याच होतात, त्यांना आवर्जून जा. सकाळी सात साडेसातला तोडी ऐकून बाहेर आलं की दिवसभर कुणाशी मोठ्या आवाजात बोलावंसं वाटत नाही.

नानांनी रेडिओवर ऐकलं म्हणजे कमी ऐकलं असं मात्र कुणी समजू नये. आम्ही मैफलीत बसणारे निम्मा वेळ चहाला उठायचो. तो माणूस भांडं न वाजवता ऐकत होता.

हडपसर_लोकल:
काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

एक प्रश्न. बैठकीत मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालतं का? नानांना नंतर ऐकवता येईल म्हणून विचारतोय.

षड्जपंचम:
विचारल्याशिवाय नको. मोठ्या महोत्सवात तर मनाईच असते, आणि लहान खोलीत स्क्रीनचा उजेड गाणाऱ्याच्या तोंडावर पडतो, त्याची समाधी मोडते. यजमानांना आधी विचारा, ते कलाकाराला विचारतील. हो म्हणाले तर फोन उपडा ठेवून फक्त आवाज घ्या.

बार्शीवाला, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. येत्या रविवारी नारायण पेठेत आहे. खुर्ची सांगून ठेवली.

बार्शीवाला:
मंडळी, जाऊन आलो. काल रात्रीच लिहायचं होतं पण नाना एक वाजेपर्यंत बोलत होते.

आधी मशीनचं. गुरुवारी गेलो होतो, त्या मुलीने संगीताचा प्रोग्राम लावला, मी ॲपवर तानपुरा सुरू केला. नानांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "काळी एक आहे का ही?" (म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर.) होती. तिने पण चेक करून सांगितलं. मशीन घेतल्याला तीन वर्षं झालीत, म्हणजे तीन वर्षं हा माणूस वाकडे सूर ऐकत बसला होता आणि आम्हाला कुणाला कल्पना नव्हती. ज्यांच्या घरात मशीनवालं कुणी आहे त्यांनी हे आधी करा, कळकळीने सांगतो.

रविवारी कार्यक्रम साडेपाचला, नाना तीनपासून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार. पाच वाजता पोचलो, दोन जिने होते, ते त्यांनी कठडा धरून हळूहळू चढले, मधे मी थांबूया म्हटलं तर नको म्हणाले. वर पन्नासेक माणसं, भिंतीजवळ खुर्च्या, डाव्या बाजूची रिकामी ठेवली होती. तानपुरे लागत होते. षड्जपंचम तुम्ही लिहिलं होतं ते वाचूनच गेलो होतो म्हणून मी लक्ष देऊन ऐकत होतो, आणि खरंच एका क्षणी खोली भरून आल्यासारखं झालं, मला काही कळत नसताना मला पण ते ऐकू आलं.

गायक पूरिया धनाश्री गायले. नानांनी पहिल्या दोन ओळींतच ओळखला असणार, बोटं मांडीवर हलली, पण नाव सांगितलं नाही. मी वाट बघत होतो नेहमीसारखं माझ्या कानाशी लागून सांगतील म्हणून. पूर्ण दोन तास एक शब्द बोलले नाहीत. मध्यंतरात चहा आला तो तसाच हातात गार झाला.

संपल्यावर लोक गायकाच्या पाया पडायला गेले आणि आमचे नाना गेले तबलजीकडे. त्याला म्हणाले ती हातोडी जरा बघू का. त्या मुलाने दिली, फार गोड मुलगा होता. नानांनी तळहातावर तोलून बघितली, मग विचारलं की तुम्ही एका ठिकाणी ठोकल्यावर लगेच शेजारी न ठोकता समोरच्या बाजूला का जाता. तो म्हणाला सोळा घरं असतात, एका बाजूने आवळत गेलं की पुडी तिकडे ओढली जाते, म्हणून समोरासमोर. नाना म्हणाले, "म्हणजे चाकाचे नट. आम्ही पण समोरासमोरचेच आवळायचो, एकाबाजूने आवळलं की चाक वाकडं बसतं." मग दोघं जण पंधरा मिनिटं तबला मध्ये ठेवून बोलत होते, त्याने वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी) दाखवली, तिच्याखालचे लाकडी गट्टे दाखवले, नानांच्या हातून एक ठोका मारून घेतला. मी जिन्यात उभा होतो. मला आत जाऊन चला म्हणवेना.

घरी येताना गाडीत मी विचारलं कसं वाटलं. म्हणाले, "आरं, तो पेटीवाला सारखा त्यांच्याकडे बघून डोळ्यांनीच विचारत होता पुढं काय म्हणून. रेडिओवर हे कसं कळणार."

आज सकाळी कॅलेंडरवर सवाईच्या तारखांना पेनाने गोल केलेत. शनिवारच हवा म्हणतात, बारापर्यंत असतो म्हणून. खुर्चीचं तिकीट काढतोय, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ बसू. माझी त्या दिवशी सेकंड शिफ्ट आहे, बदलून मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर बायको त्यांना सोडेल आणि नाना एकटे बसतील म्हणतायत. रात्री बारानंतर मुकुंदनगरहून वारज्याला रिक्षा मिळते का कुणी सांगेल का?

सहकारनगरची:
रिक्षाचं बघू नका. माझ्या शेजारची खुर्ची मी त्यांच्यासाठी धरते, आजोबांना सांगते एक सरका म्हणून. परत वारज्याला माझा भाचा गाडी घेऊन येणारच आहे, तो सोडेल. नंबर व्यनि केलाय, शाल आणि कानटोपी विसरू नका.